नळ, राणी आणि दुपारचे दोन

मालवणात दुपारी एक ते चार या वेळात झेरॉक्स मिळत नाही. जास्त पैसे दिले तरी मिळत नाही, विनवण्या केल्या तरी मिळत नाही, रडलं तरी मिळत नाही. मी तिन्ही करून पाहिलं आहे. जर्नल चारला जमा करायचं होतं, पावणेदोन वाजले होते, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्याखालून दोन पाय दिसत होते. एकावर एक टाकलेले, अत्यंत समाधानी पाय. मी दोनदा खाकरले. पायांनी आपली जागा बदलली, म्हणजे खालचा वर गेला आणि वरचा खाली आला. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींना अखेर माझी दया आली.

"काय व्हया गो?"

"झेरॉक्स."

"चारांक उघाडतला."

"पण मला चारलाच जमा करायचंय, आजी."

"मगे पाचांक कर."

आजींच्या दृष्टीने विषय संपला. त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. साडेचारला झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून, धापा टाकत मी कॉलेजात पोचले, तर सर यायचे होते. ते पाचला आले. आजींना सरांचं वेळापत्रक माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी मूळची डोंबिवलीची. आमच्याकडे माणसाची ओळखही गाडीवरून होते. आमचे बाबा सव्वाआठची फास्ट पकडतात, शेजारचे काका त्यानंतरची, आणि काकांच्या गाडीतल्या लोकांबद्दल बाबांचं मत फारसं चांगलं नाही. अशा घरात वाढून मी सिंधुदुर्गात कशी आले, तर प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मात पसंतीक्रमाचा शेवटचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून त्यात एक समुद्राकाठचं कॉलेज टाकलं होतं. संगणकाला माझ्या बाकीच्या इच्छा आवडल्या नाहीत. पिढ्यान् पिढ्या मालवणची मुलं पोटासाठी मुंबईला गेली. त्याच वाटेने उलट्या दिशेने शिकायला येणारी मी बहुधा पहिलीच असावी, असं सगळे माझ्याकडे बघायचे.

रूळही उलट्या दिशेने बघत होते. डोंबिवलीपासून दिवा हाकेच्या अंतरावर आणि दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते, म्हणून उत्साहात मी तीच धरली. रोहा सोडलं की कोकण रेल्वे लागते आणि तिचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. एक गाडी समोरून आली की दुसरीने स्टेशनात बाजूला उभं राहायचं. बाजूला उभं राहण्याचं हे काम कायमचं आमच्या गाडीकडे होतं. राजधानी गेली, जनशताब्दी गेली, मालगाडी गेली. मग एक लांबलचक गाडी आली, तिच्या सपाट डब्यांवर ट्रक चढवलेले होते. कोकण रेल्वे असे भरलेले ट्रक कोलाडहून गोव्याकडे रुळांवरून नेते. एका ट्रकच्या केबिनमध्ये पाय वर करून पेपर वाचणारा ड्रायव्हर मला स्पष्ट दिसला. म्हणजे आम्ही रेल्वेत बसलो होतो आणि ट्रक आम्हाला ओव्हरटेक करून गेला होता. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी तरी संतापेल म्हणून. समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "ट्रकाक घाई आसतली." आणि डबा उघडून त्यांनी मला आंबोळी दिली.

खोली मिळाली ती तात्यांच्या घरात, मागच्या पडवीला लागून. तात्या, काकी, एक मांजर आणि एक गळका नळ. नळ थेंबथेंब गळायचा, रात्री जास्त ऐकू यायचा. मी पहिल्याच सकाळी तक्रार केली. तात्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मान डोलावली, "होतला गो, होतला," म्हणाले आणि नळाखाली एक बादली ठेवली. बादली भरली की ते ती माडाला घालत. थोड्याच दिवसांत माड टवटवीत दिसू लागला आणि नळ दुरुस्त होण्याची शक्यता आणखी कमी झाली.

पडवीतून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसायचा. एका संध्याकाळी माझा संयम सुटला. मी तात्यांना म्हटलं, "शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्या कुरटे बेटावर पाया घातला, भर समुद्रात, पायाला शिसं ओतून, आणि तीन वर्षांत अख्खा किल्ला उभा केला. त्याच मालवणात एक नळ बसत नाही?"

तात्यांनी किल्ल्याकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं.

"महाराज होते म्हणान तां झाला. नळाक खंयचे महाराज येतले?"

एवढं मात्र सांगते, की मी सुरुवातीला हार मानली नव्हती. भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, तीन रंगांत. सकाळी सहा ते पावणेसात चिवल्याच्या किनाऱ्यावर चालणं, सात ते आठ अभ्यास, असं सगळं. पहिल्या दिवशी ओहोटी होती. ओली, घट्ट, रुंद वाळू, चालायला सुरेख. दुसऱ्या दिवशी वाळू जरा अरुंद वाटली. मग आणखी अरुंद. आठवडा संपता संपता मी सहाच्या ठोक्याला किनाऱ्यावर पोचले, तर माझ्या चालण्याच्या जागी समुद्र होता. मी चपला हातात घेऊन तात्यांकडे परत आले.

"तात्या, समुद्राची वेळ नक्की नाही."

"नक्की आसा. रोज पन्नास मिन्टां उशीर."

मग त्यांनी मला चंद्राचं सगळं समजावलं. पृथ्वी एक फेरी पुरी करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडते, आणि आठवड्याभरात सकाळच्या ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते. तिची वेळ काढायला तात्यांना मोबाइल लागत नव्हता. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पुरी भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मी रात्री ऑनलाइन तक्ता उघडून पडताळा घेतला. तात्यांचा हिशेब थोडक्यात चुकत होता, पण तात्यांच्या मते तक्ता थोडक्यात चुकत होता.

रोज पन्नास मिनिटं उशिरा येणाऱ्याला डोंबिवलीत कुणी महिनाभर नोकरीवर ठेवलं नसतं. इथे त्यालाच साहेब केलं आहे आणि सगळा गाव त्याच्या हाताखाली काम करतो. होड्या त्याच्या वेळेने सुटतात, होड्यांच्या वेळेने बाजार लागतो आणि बाजाराच्या वेळेने काकींचं जेवण.

"काकी, आज जेवायला काय?"

"आधी होडी येवंदे."

डबा कधी मिळेल, हाही प्रश्न मी एकदाच विचारला. उत्तर तेच होतं. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा तरी जेवण वेळेवर मिळेल अशी माझी समजूत होती. तेव्हा सुका बांगडा असायचा आणि तो भाजायला चूल पेटायची होती, चूल पेटायला लाकूड सुकायचं होतं, आणि लाकूड सुकायला पाऊस थांबायचा होता.

मी वेळापत्रक फाडलं नाही. ते पावसात भिंतीवरच फुगलं, तिन्ही रंग एकमेकांत मिसळले आणि अभ्यासाच्या तासावर चालण्याचा तास पसरला. त्यानंतर मी कालनिर्णय बघून अभ्यास करू लागले. चतुर्थीला लवकर उठायचं, अष्टमीला उशिरा, असं काहीतरी. विद्यापीठ मात्र परीक्षेच्या वेळापत्रकात तिथी छापत नाही.

आता नळाच्या मुख्य प्रकरणाकडे येते. गावात प्लंबर होता. चांगला होता, असं सगळे सांगत. अडचण एवढीच की श्रावणात तो गणपती रंगवायचा, गणपतीत भजनात पखवाज वाजवायचा, चैत्र-वैशाखात काजू-आंब्यात असायचा, आणि कार्तिकात जत्रा लागल्या की दशावतारात जायचा. उरलेल्या काळात तो प्लंबर होता. तो उरलेला काळ नेमका कुठला, हे मला कुणीच सांगू शकलं नाही.

"तो आज येवचो नाय," तात्या म्हणाले. "रातीक नाटक होता. झोपलो आसतलो."

"उद्या?"

"उद्याक पण नाटक आसा."

"नाटकं संपणार कधी?"

"जत्रा संपल्यार."

मी ठरवलं, प्लंबर माझ्याकडे येत नसेल तर मी प्लंबरकडे जाईन. जवळच्या गावात जत्रा होती, नाटक रात्री नऊला असल्याचं कळलं. मी नऊला पाच कमी असताना देवळापुढच्या मंडपात पोचले. मंडपात एक बाक, एक कुत्रा आणि ट्यूबलाइट लावणारा एक मुलगा होता. मुलाने मला विचारलं, "नाटकात काम करतंस?" वेळेवर येण्याचं दुसरं कारण त्याला सुचलं नाही. दहाला पायपेटी आली. अकराला पेटीवाले आले, त्यांच्यामागून तात्या आले. पालखी, प्रदक्षिणा, दिवे, सगळं झालं आणि मध्यरात्र उलटल्यावर गणपती, सरस्वती, शंकासुर असं सुरू होत मुख्य आख्यान लागलं तेव्हा मी तात्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. तात्यांनी मला कोपराने ढोसलं.

"बघ, तुझो प्लंबर."

रंगमंचावर महाराणी आली होती. नऊवारी, नथ, केसांत अबोलीचा गजरा, चालण्यात असा रुबाब की मी आपसूक सरळ बसले. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात आणि लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद उभ्याउभ्या सुचतात. हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्यावर काय परिणाम होऊ शकतो याची कल्पना नव्हती. मी पुढच्या रांगेत बसून दोन्ही हातांनी नळ फिरवण्याची खूण केली. महाराणीने ती पाहिली. क्षणभर थांबली. मग प्रधानाकडे वळून संथ, भारदस्त आवाजात म्हणाली,

"प्रधानजी, आमच्या राज्यातील प्रजा सुखी आहे ना?"

प्रधान तयारीचा होता. "महाराणी, सारी प्रजा सुखी आहे. केवळ मुंबापुरीहून विद्यार्जनासाठी आलेली एक कन्यका दुःखी आहे. तिच्या महाली अहोरात्र जलधारा वाहते."

"तर मग त्या कन्यकेस अभय द्या! उद्या सूर्योदयी आम्ही स्वतः त्या जलधारेचा बंदोबस्त करू!"

मंडप खदखदून हसला. तात्या सगळ्यांत मोठ्याने हसले. माझ्या नळाची माहिती या गावातल्याही शेवटच्या माणसापर्यंत आधीच पोचलेली होती, हे तेव्हा लक्षात आलं. आख्यान संपल्यावर मी मागे गेले. महाराणी पेटाऱ्यावर बसून चहा पीत होती.

"दादा, उद्या नक्की ना?"

"नक्की, ताई."

"किती वाजता?"

महाराणीने कप खाली ठेवला. तिच्या मुद्रेवर जे दुःख उमटलं, ते आख्यानात राज्य गेलं तेव्हाही उमटलं नव्हतं. तोवर खरोखरच सूर्योदय होत आला होता आणि बंदोबस्त करणारी झोपायला निघाली होती.

इथे सगळंच हळू चालतं असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं. आणि त्याहून वेगाने काही जात असेल तर ती बातमी. एका संध्याकाळी वर्गातला एक मुलगा आणि मी रॉक गार्डनपाशी चहा प्यायलो. विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स होता. चहा संपवून मी चालत घरी आले, फाटक उघडलं, तर काकी दारात.

"तो पोरगो खंयचो?"

"कुठला?"

"चायवालो."

मी सगळं समजावलं, जर्नल दाखवलं, बीमच्या आकृत्या दाखवल्या. काकींनी आकृत्या सहानुभूतीने पाहिल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. डोंबिवलीहून आई. काकींची भाची आमच्या डोंबिवलीतच राहते, हे मला तेव्हाच कळलं. कोकणकन्या रात्रभर धावून जे अंतर तोडते ते या बातमीने माझ्या चालण्याच्या वेळात तोडलं होतं, आणि कुठल्याही स्टेशनात कुणासाठी बाजूला उभी राहिली नव्हती. वाटेत तिचं वजनही वाढलं होतं. मालवणात निघालेल्या एका चहाचे डोंबिवलीत पोचेपर्यंत 'रोजचे चहा' झाले होते.

"तुझे बाबा येतायत," आई म्हणाली. "शनिवारी."

बाबा शनिवारी सकाळी कोकणकन्येने कुडाळला उतरले आणि एसटीने मालवणात आले. शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. खोली पाहणे, कॉलेजात हजेरी विचारणे, मुलाची चौकशी, नळ, रात्रीची गाडी. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. फाटकातूनच त्यांनी घड्याळ पाहिलं.

"येवा, बसा," तात्या म्हणाले.

"बसत नाही हो, मला जरा घाई—"

"बसा तर."

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला, खाजं आलं. तात्यांनी विचारलं, मुंबैत खंय कामाक? बाबांनी परळ म्हटलं आणि तात्यांचे डोळे लकाकले. तात्या परळच्याच गिरणीत होते, १९८२चा संप होईपर्यंत. भोंगा झाला की कसे धावायचे, फाटक बंद व्हायला क्षण उरलेला असताना कसे घुसायचे, उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कसा जायचा, हे तात्या सांगू लागले. संप लांबत गेला, गिरणी पुन्हा सुरू झाली नाही आणि तात्या गावी आले ते कायमचे.

"धावूचा तितक्या तेव्हाच धावान घेतलय," तात्या म्हणाले. "आता उरलेला तुमी धावा."

बाबा खुर्चीत जरा मागे सरकले. मग त्यांच्या गिरण्या, आमच्या लोकल, दादरचा पूल, नारळाचे भाव असं एकेक निघत गेलं. कॉलेजची वेळ टळली, शनिवार असल्याने तसंही तिथे कुणी नव्हतं. बारा वाजता मी आठवण केली, "बाबा, मुलाची चौकशी?"

"करू गं. सावकाश करू."

हा शब्द मी बाबांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. आईला लगेच कळवावंसं वाटलं, पण काकींच्या भाचीने ते आधीच केलं असणार. होडी वेळेवर आली होती. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, भात आणि तीन वाट्या सोलकढी एवढं झाल्यावर बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला, चिठ्ठीसकट. तात्यांनी पडवीत दोन चटया अंथरल्या. पाचएक मिनिटांत दोघांचे घोरण्याचे सूर लागले, तात्यांचा खालचा, बाबांचा वरचा. आईचा फोन येत होता, तो मी घेतला.

"काय ठरलं त्या मुलाचं?"

"बाबा चौकशी करतायत."

"आता?"

"आता जरा झोपलेत."

पलीकडे बराच वेळ शांतता. "ते दुपारचे झोपत नाहीत," आई म्हणाली. तिचा आवाज मुलाच्या प्रकरणात लागला होता त्याहून काळजीचा होता.

आणि तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात नवा कोरा नळ, साक्षात महाराणी उभी होती. गजरा नव्हता, पण डोळ्यांत काजळाची रेघ उरली होती. मला आनंदाने बोलता येईना. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला होता. मधल्या काळात माडाला दोन पेंडी जास्त लागल्या होत्या. मी धावत पडवीत गेले.

"बाबा, उठा! तात्या! प्लंबर आलाय!"

तात्यांनी कूस बदलली. बाबांनी एक डोळा उघडला. खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, आणि ज्या आवाजात ते सव्वाआठच्या गाडीत चौथी सीट मागतात त्या आवाजात म्हणाले,

"दुपारी दोनला कोण येतं गं कामाला? काही रीतभात? चार वाजता ये म्हणावं त्याला."

"बरोबर आसा," तात्या डोळे मिटूनच म्हणाले.

महाराणीलाही ते पटलं. "चुकला माझा," ती म्हणाली आणि नळ पिशवीत टाकून निघून गेली. चारला तिला वेळ नव्हता, संध्याकाळी पलीकडच्या गावात जत्रा होती. बाबांनी ती पाहून जायचं ठरवलं. कोकणकन्येचं तिकीट मी मोबाइलवरून रद्द केलं.